गावच्या संस्थेला वस्तू द्यावी की माणसाचा पगार?

पाणंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

सासरच्या कुटुंबाचं एक लहानसं प्रतिष्ठान आहे. आजेसासऱ्यांनी मुंबईतला गाळा विकला, त्या पैशांतून ते उभं राहिलं. मूळ रक्कम ठेवीत आहे आणि व्याजातून दरवर्षी दहा-बारा लाख रुपये रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संस्थांना जातात. विश्वस्त सगळे घरातलेच. आता मीही त्यांत आहे आणि अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलंय.

अर्जांत मागणी असते संगणकांची, कपाटांची, शिलाई मशीनची, पाण्याच्या टाकीची. फोन करून निवांत बोललं की मग खरं दुखणं बाहेर येतं. बालवाडीच्या बाई सोडून चालल्यात, कारण मानधन थकलंय. ऑडिटची फी द्यायची राहिलीय. लाइटबिल सचिवांनी स्वतःच्या खिशातून भरलंय. हे अर्जात का नाही लिहिलंत, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मानधनाला कोण देतं, ताई?"

मला वाटतं, घरगुती प्रतिष्ठानाने नेमकं तेच द्यावं. वस्तू देणारे पुष्कळ आहेत. आमदार निधी आहे, कंपन्या आहेत, मुंबईची मंडळं आहेत, वडिलांच्या स्मरणार्थ पंखे देणारे आहेत. सात तारखेला पगार निघावा म्हणून मात्र कुणी पुढे येत नाही, आणि संस्था तर त्याच्यावरच चालते. म्हणून मी घरात मांडलंय की यंदापासून निम्मी तरी रक्कम चालू खर्चाला द्यायची, सलग तीन वर्षं द्यायची, आणि ती कशावर किती लावायची हे संस्थेने ठरवायचं.

सासऱ्यांचं म्हणणं, पगारात गेलेला पैसा दिसत नाही, आणि तीन वर्षांनी आपण हात काढला की ती माणसं उघड्यावर. दीर म्हणतात, त्यापेक्षा कायम निधी देऊन टाकू, त्याच्या व्याजावर संस्था चालेल. दोघांचंही म्हणणं वरवरचं नाही. इथे संस्था चालवणारे आहेत, देणारे आहेत, हिशोब तपासणारे आहेत, म्हणून विचारते. तुमचा अनुभव काय?


गडनदी

पाणंदताई, आमच्या पंचक्रोशीतली गोष्ट सांगतो.

एका कुटुंबाने इथल्या संस्थेला रुग्णवाहिका दिली. नवीकोरी. नारळ फुटला, पेपरात फोटो आला. घाटीच्या रस्त्याने १०८ची गाडी येईपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे गरज खरी होती, आणि देणाऱ्यांनी मनापासून दिली होती. आज ती गाडी शाळेच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. ताडपत्री फाटून टपावर जांभळीचा पाचोळा कुजलाय, मागच्या दारात गांधीलमाशांनी पोळं केलंय, पुढचे टायर बसलेत. इंजिनात काही बिघाड झाला म्हणून ती उभी राहिली नाही. रात्रीबेरात्री उठून जाणारा ड्रायव्हर हवा, तोही एक पुरत नाही, दोन हवेत. त्यांचा पगार, गाडीचा विमा, पासिंग, डिझेल. यातलं काहीच देणगीत नव्हतं. जो होता तो वर्गणीच्या भरवशावर काही महिने थांबला, मग गोव्यात हॉटेलच्या गाडीवर गेला. त्याला दोष कसा द्यायचा? घरात खाणारी तोंडं आहेत.

संस्थेच्या अध्यक्षांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "गाडी इली, पण माणूस खंय आसा?"

तेव्हा निम्मी नाही, तुम्ही जास्तच द्या पगाराला.


चाकरमानी_गिरगाव

मी वयाने मोठा आहे आणि पाटी लावणाऱ्यांच्या बाजूने चार शब्द लिहितो.

गावच्या मुंबई मंडळाचं काम मी आयुष्यभर केलं. गिरगावात, लालबागेत, खोल्याखोल्यांतून पावतीपुस्तक घेऊन हिंडलो. गिरणीत एक खाडा झाला तर ज्याचा पगार कापला जायचा असा माणूस पाच रुपये काढून द्यायचा. त्याला शाळेची खोली डोळ्यांनी दिसायला हवी असायची. शिमग्याला गावी गेला की त्या भिंतीला हात लावून बघायचा. पाटीवरचं नाव म्हणजे मिरवणं नव्हतं, ती त्याच्या पैशांची पोच होती. भागोजीशेठ कीरांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधलं, १९३१ साली ते सगळ्या जातींसाठी खुलं झालं. आज नातवाला नेऊन दाखवता येतं, की बघ, आपल्या एका माणसाने हे केलं.

पगाराचं तसं नाही. आमच्या मंडळाने गावच्या बालवाडीच्या बाईंना मानधन सुरू केलं होतं. वर्गणी आटली, मानधन बंद पडलं, आणि त्या बाईंशी आमची तोंडं वाकडी झाली ती कायमची. खोली बांधून दिली असती तर ती आज उभी असती. तीन वर्षांनंतर काय, याचं उत्तर असल्याशिवाय सुरू करू नका, एवढंच माझं सांगणं.


पाणंद

काका, पोच हवी हे अगदी मान्य. पावतीपुस्तकाचा तो धाक आणि तो जिव्हाळा आमच्या पिढीत राहिला नाही.

पण एक विचारते. तुमच्या मंडळाने शाळेची खोली बांधली तेव्हा गुरुजींचा पगार कोण देत होतं? जिल्हा परिषद. खोलीला अर्थ आला तो आत शिकवणाऱ्या माणसाचा खर्च कुणीतरी आधीच उचललेला होता म्हणून. आज माझ्याकडे येणाऱ्या अर्जांतलं वाचनालय घ्या, मतिमंद मुलांचं केंद्र घ्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाणारी परिचारिका घ्या. तिथे माणसाचा खर्च उचलणारी जिल्हा परिषद नाही. तिथे आपण नुसती खोली दिली तर गडनदी यांनी लिहिलेल्या गाडीसारखं होतं.

तीन वर्षांनंतरचं उत्तर माझ्याकडे अजून पुरतं नाही. म्हणूनच धागा काढला.


ताळेबंद

मी सीए आहे, जिल्ह्यातल्या बऱ्याच विश्वस्त संस्थांचे हिशोब बघतो. दिरांच्या कायम निधीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे कायदा आडवा येतो.

प्रतिष्ठानाला करमुक्त राहायचं तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. २०१७च्या वित्त कायद्यापासून एक गोष्ट पक्की झाली आहे: या उत्पन्नातून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला कायम निधी म्हणून दिलेली देणगी त्या ८५ टक्क्यांत धरत नाहीत. म्हणजे दिरांच्या म्हणण्याप्रमाणे व्याजातून कायम निधी दिला, तर पैसे जातील आणि करही बसेल.

दुसरी अट २०२३-२४ या आर्थिक वर्षापासूनची. दुसऱ्या संस्थेला साधी देणगी दिली तरी तिच्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून मोजतात. हिशोब बघा. उत्पन्न १० लाख असेल तर ८.५ लाखांचा खर्च दिसायला हवा. तुम्ही सगळं वाटपच करत असाल तर १० लाख दिल्यावर ८.५ लाख मोजले जातात. म्हणजे जे १५ टक्के बाजूला ठेवायची मुभा होती ती नुसतं वाटपच करणाऱ्या प्रतिष्ठानाला उरलीच नाही. चालू खर्चाला देणं या बाबतीत सरळ पडतं. संस्थेच्या पगाराला दिलेली देणगी ही साधी देणगी, कायम निधी नव्हे.

दिरांना कायम निधीच द्यायचा असेल तर त्यांनी तो स्वतःच्या खात्यातून, कायम निधीसाठी म्हणून तसं पत्र जोडून द्यावा. जुन्या करप्रणालीत असतील आणि संस्थेकडे ८०जी असेल तर त्यांना सवलतही मिळेल, फक्त २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नये.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुष्कळ प्रतिष्ठानं अर्जासोबत ८०जीचं प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर अर्ज बाजूला टाकतात. ८०जी हे देणाऱ्या व्यक्तीच्या करसवलतीसाठी आहे. प्रतिष्ठानाला ती सवलत लागतच नाही. तुम्ही पाहायची ती आयकर खात्याची १२ए खालची नोंदणी, जी आता १२एबी म्हणून मिळते, आणि तिची मुदत. त्या एका मागणीमुळे किती चांगल्या संस्था दारातून परत गेल्या असतील.

(१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. वर लिहिलेले जुने आकडे आपल्या सगळ्यांच्या तोंडातले आहेत म्हणून वापरले.)


हर्णैकर

ताळेबंद साहेब, आमच्या मोहल्ल्यातली मुलं कुवेतला, कतारला आहेत. दोघं-तिघं इंग्लंडचे नागरिक झालेत. गावच्या दवाखान्याला त्यांना दर महिन्याला पैसे पाठवायचेत. पाणंदताईंच्या प्रतिष्ठानासारख्या एखाद्या प्रतिष्ठानामार्फत पाठवले तर चालेल का?


ताळेबंद

भाई, दोन्ही गोष्टी वेगळ्या. कुवेतचा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तो थेट दवाखान्याच्या संस्थेलाच पाठवू शकतो. पासपोर्टची प्रत फायलीला लावून ठेवा. इंग्लंडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे मात्र परदेशी देणगी, मग तो जन्माने हर्णैचा असला तरी. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी देणगी घेऊन दुसरीला देणं पूर्ण बंद आहे, दोघींकडे नोंदणी असली तरी. त्यामुळे प्रतिष्ठानामार्फतचा रस्ता नाही.


वाशिष्ठी

मी चिपळूणजवळच्या एका लहान वाचनालयात ग्रंथपाल आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली जे अ, ब, क, ड वर्ग आहेत त्यांत आमचा ड. अनुदान हप्त्याने येतं आणि त्यातून माझ्या वाट्याला जे येतं ते सांगण्यासारखं नाही.

२२ जुलै २०२१च्या पुरात १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचं वाचनालय कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. तरी मदत आली, आणि आली ती पुस्तकांची. पोतीच्या पोती. लोकांनी घरातली पुस्तकं मायेने पाठवली, पण ती ठेवायला कोरडी फळी नव्हती आणि नोंदवायला नोंदवही नव्हती. आमची दाखल नोंदवही पाण्यात गेली होती. हे नीट सांगते, कारण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दाखल नोंदवही म्हणजे वाचनालयाचा जन्मदाखला. कुठलं पुस्तक कधी आलं, कितीला आलं, कुणी दिलं, सगळं तिच्यात. ती नसेल तर तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तुमच्याकडे एकही पुस्तक नाही.

एका कुटुंबाने आम्हाला विचारलं, नेमकं काय हवंय? मी धीर करून म्हटलं, दोन मुली हव्यात, आठ महिने. त्यांनी त्या दोघींचा पगार दिला. आम्ही तिघींनी नोंदवहीचं पान पान सोडवलं. चिखलाने चिकटलेली दोन पानं ओढली की फाटतात, मधे टीपकागद सारून, पंख्याखाली ठेवून, दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकाने कडा उचलायची. निळी शाई बहुतेक धुऊन गेलेली, पण बॉलपेनने लिहिलेलं राहिलं होतं. जिथे अक्षर लागेना तिथे जुन्या सभासदांना बोलावून विचारलं. त्यातून नवी नोंदवही झाली आणि संगणकावरही चढली. त्या मुलींपैकी एक आता ग्रंथालय शास्त्राचा अभ्यासक्रम करून दुसऱ्या वाचनालयात लागली आहे.

दाखवायला पाटी नाही याची. पण नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्या कुटुंबाचं नाव मी स्वतः लिहिलंय.


पुळण

कासवांच्या कामात असतो म्हणून तारखेबद्दल लिहितो, कारण देणाऱ्यांच्या हातून हे हमखास सुटतं.

ऑलिव्ह रिडले कासविणी आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. अंडी उबायला दीड-दोन महिने. म्हणजे शेवटच्या घरट्यांतली पिल्लं एप्रिल-मेमध्ये बाहेर पडणार. आणि देणगीचं वर्ष संपतं ३१ मार्चला! विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला द्या, उरलेले पैसे परत करा, नवा अर्ज भरा, बैठक जूनमध्ये. ऐन पिल्लं निघायच्या दिवसांत पहाटे किनाऱ्यावर फेरी मारणाऱ्या कासवमित्राला काय सांगायचं, की तुझं वर्ष संपलं? कुत्री आणि कोल्हे वर्ष बघून घरटी उकरत नाहीत.

वेळासला सह्याद्री निसर्गमित्रच्या लोकांनी २००२च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हापासून हा किनारा शिकत आलाय की हे काम गावातल्या माणसाच्या पायांवर चालतं. हॅचरीची, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणाची, जाळी दरवर्षी नवी आणता येते. वाळूवरचा माग बघून घरटं नेमकं कुठे आहे हे ओळखणारा माणूस गेला की तसा दुसरा तयार व्हायला काही हंगाम जातात.

ताई, तीन वर्षांचं ठरवाल तर हप्ता कामाच्या हंगामाला बांधा.


कातळसडा

मी एका छोट्या महिला संस्थेची सचिव आहे, राजापूर तालुक्यातली. मागणारी बाजू म्हणून लिहिते.

आधी अर्जाचं. तुमचा अर्ज मराठीत असू दे आणि एका पानात मावू दे. "अपेक्षित परिणाम", "मोजमापाचे निकष" असले रकाने भरायला आम्ही तालुक्याच्या मुलाला पैसे देतो. तो सगळ्या संस्थांना तेच लिहून देतो. त्यातून तुम्हाला आम्ही कळत नाही, तो मुलगा कळतो. त्यापेक्षा अर्धा तास फोनवर बोला, जसं तुम्ही करताय.

आणि भेटीला जुलैत या. सगळे देणारे डिसेंबरात येतात, हवा छान असते, मुलं गाणी म्हणून दाखवतात, आम्ही आंबोळ्या घालतो. पावसात आलात तर कळेल छप्पर कुठे गळतं, वीज गेल्यावर केंद्र चालू राहतं का, ओढ्याला पाणी आल्यावर बाई कुठून वळसा घालून येते. आणि ती येते, हेही तेव्हाच कळेल.

अजून एक. कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीकडे, आम्ही गेलो होतो. संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, शिवाय असा निधी घ्यायला लागणारी सीएसआर-१ची नोंदणी हवी, असा नियम आहे म्हणाले. नियम बरोबरच असेल. पण पहिली तीन वर्षं संस्थेने काढायची कुणाच्या जिवावर? तिथे तुमच्यासारख्या कुटुंबाची गरज आहे. कंपनी नंतर येईल.


ताळेबंद

कातळसडा यांच्या मुद्द्याला जोडून. लहान संस्था आणखी एका जागी अडकतात आणि त्याबद्दल देणारा कधी विचारत नाही. विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपल्याकडे कित्येक संस्थांनी तो दिलेलाच नसतो. परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढावा तर त्यावर वारलेल्यांची नावं. मग बँक सही बदलत नाही, नोंदणीचं नूतनीकरण अडतं, मोठा देणारा पाठ फिरवतो. काम उत्तम चाललेलं असतं आणि कागदावर संस्था मेलेली असते.

हे निस्तरायला वकील आणि हिशोबनीस यांची फी लागते, फार नाही. पण "जुने चेंज रिपोर्ट मार्गी लावणे" यासाठी देणगी मागायची सोय कुठल्याच अर्जात नसते. पाणंदताई, तुमच्या अर्जात तो एक रकाना ठेवा. वर्षाला दोन संस्था जरी कागदावर जिवंत झाल्या तरी पुढचे देणारे त्यांना मिळतील.


चाकरमानी_गिरगाव

वाशिष्ठीताईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. नोंदवहीच्या पहिल्या पानावरचं नाव मला पटलं.

त्यावरून सुचलं ते लिहितो. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात वर्षाच्या पूजांच्या तिथी घराघरांनी घेतलेल्या आहेत. अमुक तिथी तमुक घराण्याची, खर्च त्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या. चुकत नाही कुणी. मग बालवाडीच्या बाईंच्या पगाराचे महिने का घेऊ नयेत? जून एका घराने, जुलै दुसऱ्या घराने. फळ्यावर महिना आणि घराण्याचं नाव खडूने लिहायचं. बारा घरं मुंबईत मिळणं अवघड नाही, आता तर फोनवरून पैसे जातात. पहिलं वर्ष पाणंदताईंच्या प्रतिष्ठानाने पूर्ण द्यावं, दुसऱ्या वर्षी जेवढे महिने आम्ही घेऊ ते सोडून बाकीचे, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. मी आमच्या मंडळात मांडतो. त्या बाई अजून गावातच आहेत. त्यांच्याशी आधी मी स्वतः जाऊन बोलेन.


गडनदी

काका, हे झालं तर आमच्याकडच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठीही बारा घरं शोधतो. टायर बदलायचे पैसे गावातून उभे राहतील.


पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी पूर्ण धागा वाचला. काकांचा महिने घेण्याचा विचार त्यांना एवढा आवडला की त्यांनी त्यांच्या गावच्या वाचनालयाचा मे महिना स्वतःसाठी मागून ठेवलाय.

विश्वस्तांच्या बैठकीसाठी मसुदा असा करतेय. यंदा निम्मी रक्कम चालू खर्चाला, सलग तीन वर्षं. पहिल्या वर्षी पूर्ण, पुढे काकांनी सांगितल्याप्रमाणे गावाने जेवढे महिने उचलले तेवढे वजा करून. कुणीच उचलले नाहीत तर काय, यावर माझं मत असं की तरीही तिसरं वर्ष पूर्ण करायचं आणि थांबायचं असेल तर एक वर्ष आधी लेखी सांगायचं, म्हणजे त्या बाईंना दुसरीकडे बघता येईल. हप्त्याचे महिने संस्थेने सांगायचे. ८०जीची अट काढून टाकतेय. चेंज रिपोर्ट, ऑडिट आणि नूतनीकरण यांच्या फीसाठी वेगळी रक्कम, तिला फोनवर मंजुरी. एक विश्वस्त घराबाहेरचा, जिल्ह्यातच राहणारा घ्यावा हेही मांडणार आहे, त्यावर घरात वेळ लागेल. दिरांना ताळेबंद यांचा प्रतिसाद दाखवला, ते कायम निधी स्वतःच्या खात्यातून द्यायला तयार आहेत.

वस्तूंनाही देणार आहोत. फक्त ती वस्तू कोण चालवणार आणि त्याचा पगार कुठून येणार, हे दोन प्रश्न फोनवर आधी विचारणार.

कातळसडाताई, जुलैत येते. केंद्राची वेळ आणि ओढ्याला पाणी असताना कुठल्या रस्त्याने यायचं ते व्यनि करा. एका पानाच्या मराठी अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर तोही पाठवा, बैठक गणपतीनंतर आहे.